ही कारवी आणि ती कारवी एकच का? सह्याद्रीतले प्रदेशनिष्ठ जीव आणि जुनी हवामानं

रानजाई
सोमवार, ९ जून, रात्री १०.१२

२०२४ च्या सप्टेंबरात आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेले होते. कारवी फुलली होती. आठ वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे मागच्या वेळी, २०१६ ला, ही मुलं पहिलीत होती. कान्हेरीकडचा सगळा उतार जांभळा झाला होता. एका मुलाने फांदी हातात धरून विचारलं, "बाई, आमच्या गावाला आंबोलीला पण कारवी आहे. ती आणि ही एकच का?" मी म्हटलं, "हो, जात एकच." तो म्हणाला, "मग इथली सगळी तोडली तरी तिथली आहेच ना?" तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली आणि उत्तर राहून गेलं.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या झाडतोडीबद्दल एक बैठक होती. तिथे एका साहेबांनी जवळजवळ तेच वाक्य म्हटलं. "इथली गेली तरी तेवढीच दुसऱ्या जिल्ह्यात लावतोय, प्रजाती त्याच आहेत." त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून वाचतेय. जे समजलं ते इथे लिहिते. चुकलं तर सांगा, मला ते मुलांना नीट शिकवायचं आहे.

हिमयुग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. सह्याद्रीत हिमयुग आलं ते पाऊस आटल्याच्या रूपात. जमीन थंड, समुद्र थंड, त्यामुळे नैऋत्य मोसमी वारा दुबळा. गेल्या सुमारे ८ लाख वर्षांत साधारण १ लाख वर्षांच्या फेऱ्यांनी असं होत आलंय. शेवटचा कडाका सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीचा. हे कळलं कशावरून, तर निलगिरीतल्या दलदलींत साठलेल्या कुजक्या गाळावरून. झाडं आणि उष्ण प्रदेशातली गवतं हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात. त्यामुळे गाळाच्या थरातल्या कार्बनच्या दोन समस्थानिकांचं (म्हणजे कार्बनच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजलं की त्या काळात आसपास झाडी जास्त होती की गवत, ते सांगता येतं. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. हिमयुगाच्या भरात तिथे गवत माजलं होतं, पुढे पाऊस परतला तशी झाडी सरसावली.

आता बारमाही ओल लागणाऱ्या जिवाचा विचार करा. बेडूक घ्या, गोगलगाय घ्या, सावलीतलं झाड घ्या. जंगल आक्रसलं की ते दऱ्याखोऱ्यांत, झऱ्यांच्या कडेला, वाऱ्याच्या तोंडावरच्या ओल्या उतारांवर उरतं. जीवही तिथेच उरतो, थोड्या संख्येने, एकमेकांपासून तुटलेला. अशा जागांना मी वर्गात "आसरे" म्हणते.

आसऱ्यात काय होतं ते कोकणातल्या वाडीवरून समजतं. पेठेत शंभर आडनावं असतात. तिथली पाच घरं उठून डोंगरापलीकडे गेली तर जास्तीत जास्त पाच आडनावं गेली. मग कुणाला मुलगाच नाही, कुणाचं घर मुंबईला गेलं. सहा-सात पिढ्यांनी अख्ख्या वाडीला एकच आडनाव आणि वाडीचं नावही तेच. कुणी ठरवून केलेलं नसतं. संख्या थोडी असली की असं होतंच. जनुकांच्या रूपांचंही तसंच आहे. लहान कळपात रूपं आपोआप गळत जातात, आणि प्रत्येक वाडीत वेगळं आडनाव उरतं. वर प्रत्येक ठिकाणी अधूनमधून नवी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत आपोआप होणारे बदल, होत असतात, ती दुसऱ्या वाडीला मिळत नाहीत.

पाऊस परतल्यावर जंगल पुन्हा पसरलं, काही वाड्या परत जुळल्या, काही कधीच जुळल्या नाहीत. जे जीव सह्याद्रीखेरीज कुठेच नाहीत (म्हणजेच प्रदेशनिष्ठ) त्यांचं वैविध्य अशा उघडझापीतून घडलंय. म्हणून "प्रजाती तीच" हे उत्तर मला आता पुरेसं वाटत नाही.


काळाकातळ
सोमवार, ९ जून, रात्री ११.३०

ताई, वाडीचं उदाहरण वर्गात घेऊन जाणार. माझा विषय दगड, म्हणून मुंबईपुरतं थोडं.

हिमयुगाच्या ऐन भरात जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, कारण पाणी उत्तरेकडच्या बर्फात अडकलेलं होतं. बॉम्बे हायला, जिथे आज तेलाचे प्लॅटफॉर्म उभे आहेत, समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे. ते ठिकाण इथून सुमारे १६० किलोमीटरवर. म्हणजे तेव्हा गिरगावातून निघून पश्चिमेला दीडशे किलोमीटरच्या वर चालत गेलं असतं तरी पाय भिजले नसते. आपण ज्याला सात बेटं म्हणतो ती त्या रुंद सपाटीवरच्या टेकड्या होत्या. बर्फ वितळलं, पाणी चढलं, तेव्हा कुठे त्यांची बेटं झाली.

आणखी एक. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली चिखलात बुडालेलं जंगल सापडलं. खैराची झाडं, शेकडो, त्यातली बरीचशी मुळांसकट उभी. मस्जिद बंदराच्या पलीकडे आज क्रेन चालतात तिथे खैर उभे होते. मी विद्यार्थिदशेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डॉकयार्ड रोडला उतरून उगाच तासभर फिरलो होतो.


नितीन_कळवा
मंगळवार, १० जून, सकाळी ७.५०

लेख आवडला, पण इंजिनिअर असल्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. कारवीची पिढी आठ वर्षांची, कारण ती एकदाच फुलते आणि वाळून जाते. २१ हजार भागिले ८, म्हणजे साधारण २६०० पिढ्या. एवढ्यात नवी प्रजाती तयार होते का? मला कठीण वाटतं. मग "हिमयुगाने प्रजाती घडवल्या" असं म्हणणं बरोबर आहे का?

आणि खैराच्या जंगलाबद्दल: समुद्र वर आला की जमीन खचली? दोन्हींनी झाड बुडेल.


काळाकातळ
मंगळवार, १० जून, सकाळी ८.२०

नितीन, शेवटचा मुद्दा रास्त आहे. ते जंगल बुडण्यामागे जमीन खचणं आहे असंच जुन्या भूवैज्ञानिकांनी मांडलं होतं. तो पुरावा "किनारा हलत असतो" एवढ्यापुरता धरा, १२० मीटरची गोष्ट त्यावर उभी नाही.


पिपेट
मंगळवार, १० जून, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मी काही वर्षं दक्षिणेत पक्ष्यांच्या जनुकीय अभ्यासात मदतनीस होते, आता मुंबईत एका प्रयोगशाळेत आहे.

नितीन, तुमचा संशय बरोबर आहे, आणि इथेच बहुतेक लेखांत गल्लत होते. दोन थर वेगळे ठेवायला हवेत. प्रजाती-प्रजातींमधल्या फारकती बहुतेक वेळा शेवटच्या हिमयुगाच्या खूप आधीच्या, लाखो वर्षांपूर्वीच्या, कधी त्याहूनही जुन्या. शेवटच्या काही हिमयुगांनी जे केलं ते मुख्यतः प्रजातीच्या आत: संख्या घटवली, वाढवली, तोडलं, जोडलं. पण त्याआधीही हवामान काही स्थिर नव्हतं. एकदा तुटलेले दोन भाग प्रत्येक ओल्या काळात पुन्हा मिसळले तर फारकत पुसली जाते. मध्ये एखादी रुंद खिंड असेल तर मिसळणं होत नाही आणि फारकत टिकते. डोंगर आणि हवामान दोघं मिळून हे काम करतात, एकट्या हवामानाला ते जमत नाही.

उदाहरण पालघाटच्या खिंडीचं. सह्याद्रीची रांग सुमारे १६०० किलोमीटर, तिच्यातली ही सर्वांत रुंद फट, तीसेक किलोमीटरची. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनैमलै आणि पळणी. वरच्या थंड भागात शोला, म्हणजे गवताळ माथ्यांमध्ये खळग्या-खळग्यांतून दाटलेली बुटकी जंगलं. तिथल्या पक्ष्याला खाली उतरून गरम, कोरड्या खिंडीतून पलीकडे जाणं जमत नाही. त्याच्यासाठी ते डोंगरमाथे ही बेटंच.

आम्ही पहाटे साडेपाचला शोलाच्या कडेला बारीक जाळ्या लावायचो. हात बधिर व्हायचे. दर वीस मिनिटांनी फेरी. जाळ्यात निळा रॉबिन सापडला की मुठीत घेऊन, बोटांच्या बेचक्यात मान अलगद धरून, पंखाच्या आतल्या शिरेतून रक्ताचा एक थेंब. मोहरीएवढा. काचेच्या केसासारख्या नळीत तो आपोआप चढतो. नळीतून द्रावणाच्या कुपीत, पायात कडी, आणि पक्षी सोडून द्यायचा. वनखात्याची परवानगी असल्याशिवाय यातलं काहीही करता येत नाही, हेही लिहून ठेवते.

त्या थेंबातून मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए वाचतात. तो फक्त आईकडून येतो. दोन पक्ष्यांच्या क्रमात किती ठिकाणी फरक आहे त्यावरून त्यांची समाईक आई किती मागे होती याचा अंदाज बांधतात. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी असं केल्यावर दिसलं की पालघाटच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे निळे रॉबिन एकमेकांपासून फार पूर्वी वेगळे झालेत. तसंच तिथल्या हसऱ्या कस्तुरांचं. पूर्वी हे पक्षी हिमालय-आग्नेय आशियातल्या नातेवाइकांच्या खात्यात टाकलेले असायचे. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी दोन नवी कुळनामं (कुळ म्हणजे इथे 'जीनस', अगदी जवळच्या प्रजातींचा गट) आली, शोलिकोला आणि माँटेसिंक्ला. पहिल्या नावात शोला आहे, हे मला फार आवडतं.

पण सगळ्याच पक्ष्यांत अशी फूट नाही. त्याच डोंगरांवरच्या काही प्रजातींना खिंड आडवी आलेलीच नाही. जो खालच्या कोरड्या रानातही निभावून नेतो त्याला अडथळा नसतो. तेच हवामान, तीच खिंड, आणि प्रत्येक जिवाची गोष्ट वेगळी.


शमिका१९
मंगळवार, १० जून, सायंकाळी ६.०५

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पक्षी नाही तर मोठा प्राणी असेल तर? हत्ती तर चालत जाऊ शकतो ना?


पिपेट
मंगळवार, १० जून, रात्री ९.४०

शमिका, छान विचारलंस. हत्ती फक्त सह्याद्रीचा नाही, तरी उदाहरण म्हणून घेऊ. निलगिरीकडचे हत्ती आणि अनैमलै-पेरियारकडचे हत्ती जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले. हा अभ्यास २००५ चा. त्यातली खरी धक्कादायक गोष्ट दुसरीच आहे. निलगिरी आणि भोवतालच्या रानांत आशियाई हत्तींची जगातली सर्वांत मोठी संख्या आहे, पण आईकडून येणाऱ्या डीएनएचं वैविध्य तिथे फारच थोडं. डोकी मोजून वैविध्य कळत नाही ते असं.

नीलगिरी ताहरही तशीच, खिंडीच्या दोन बाजूंना दोन वेगळे गट. आपण तिला डोंगरी बोकड म्हणतो आणि पूर्वी हिमालयातल्या ताहरची बहीण मानत. २००५ मध्ये डीएनए पाहिल्यावर ती मेंढ्यांच्या जास्त जवळची निघाली.


वसंतराव_माहीम
बुधवार, ११ जून, सकाळी ६.३०

वाचतोय. दक्षिणेचंच चाललंय, आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीचं काय? कळसूबाई १६४६ मीटर, अनैमुडी २६९५. आमच्याकडे शोला नाही. मग आमच्या डोंगरात जुन्या हवामानाची खूण कुठे शोधायची?


काळाकातळ
बुधवार, ११ जून, सकाळी ९.१०

वसंतराव, आपल्या डोंगरांची अडचण दगडापासून सुरू होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ज्वालामुखीने आजचा जवळजवळ सगळा महाराष्ट्र लाव्ह्याखाली गाडला. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्यातलीच. दक्षिणेकडचा सह्याद्री वाचला. जाह्नवी जोशी आणि प्रवीण करंथ यांनी गोमांवर काम केलं (गोम म्हणजे आपली पावसात घरात शिरणारी शतपाद) आणि २०१३ मध्ये असं मांडलं की त्या उलथापालथीत दक्षिण सह्याद्री हा आसरा ठरला असावा, तिथे जुने वंश टिकले आणि पुढे उत्तरेकडे पसरले. पाऊसमानही तेच सांगतं. केरळात कोरडे महिने दोन-तीन, जसजसं उत्तरेला यावं तसतसे सात-आठ. ओल्या जिवाला उत्तरेला राहणं कायमच जड.

आणि तरीही लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात इथे तळी साचत आणि त्यात बेडूक नांदत. वरळीच्या टेकडीतल्या गाळाच्या दगडात त्यांचे सांगाडे सापडले. नखाएवढ्या कवट्या, बारीक मांड्यांची हाडं, काळ्या पाटीवर खडूने काढल्यासारखी. रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्याला राना पुसिला म्हटलं, १९३० मध्ये जी. के. नोबल या प्राणिशास्त्रज्ञाने इंडोबॅट्राकस हे नाव दिलं. वरळी सीफेसवरून जाताना मला दर वेळी ते बेडूक आठवतात.


रानजाई
बुधवार, ११ जून, रात्री १०.३०

कातळदादा, वरळीचे बेडूक! उद्याच वर्गात सांगते.

वसंतकाका, तुमच्या प्रश्नावर मी वाचलेलं लिहिते. महाराष्ट्रात खुणा आहेत, पण त्या उंचीत नाहीत, कोपऱ्यांत आहेत. आंबोलीचा वाघटिपक्या भेक पाहा, झँथोफ्रायने टायग्रिना. अंगावर पिवळे पट्टे. २००९ मध्ये नाव मिळालं. त्याचा सख्खा भाऊ झँथोफ्रायने कोयनाएन्सिस कोयनेचा, तो १९६३ चा. या कुळात एवढे दोघंच, आणि दोघंही आपल्या सह्याद्रीतले. दोन डोंगर, दोन भेक. यांची फारकत नेमकी किती जुनी त्यावर मी काही म्हणणार नाही, पण नकाशा समोर ठेवला की वाडीची गोष्ट डोळ्यांसमोर येते.

आंबोलीचा भेक मी स्वतः पाहिलाय. पहिल्या मोठ्या पावसानंतरची रात्र होती. जांभ्याच्या सड्यावर तळहातात मावतील एवढ्या खळग्यांत पाणी साचलेलं, आणि त्यात जोड्या. आमच्या वाटाड्याने बॅटरी खाली वळवली आणि सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं, कारण पुढच्या पावलावरच तीन भेक होते. त्या बोटभर पाण्यातच अंडी, त्यातच भेकपिल्लं. दोन आठवडे पाऊस ओढला तर ती पिढी गेली. हजारो वर्षं पावसाचं चक्र खाली-वर होत असताना हे टिकलं, ते आंबोलीत वर्षाला सातेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून. बाकी डोंगर कोरडे पडले असतील तेव्हाही इथे थोडी ओल उरली असणार.

तिथलीच हिरण्यकेशी. मंदिराच्या कुंडातला छोटा मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. एका देवळाच्या कुंडाएवढं त्याचं जग.


शमिका१९
गुरुवार, १२ जून, सकाळी ८.४५

आणि जोगेश्वरीतला आंधळा ईल! २०२१ मध्ये तिथल्या एका विहिरीतून नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला, रक्थामिक्थिस मुंबा. डोळे नाहीत, पर नाहीत, अंग लालसर. त्याच कुळातले भाऊबंद केरळात आणि थेट मेघालयात. जमिनीखालच्या पाण्यात राहणाऱ्याला वरचं हवामान कमी जाणवत असेल का?

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. ओल्या जिवांसाठी कोरडा काळ वाईट, मग कोरड्या माळावरच्या जिवांसाठी तो चांगला होता का?


पिपेट
गुरुवार, १२ जून, दुपारी १.३०

हो, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. जंगल आक्रसतं तेव्हा माळ पसरतो. माळावरच्या सरड्याला हिमयुग म्हणजे मोकळं मैदान, आणि आजचा ओला काळ त्याच्यासाठी आक्रसण्याचा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पंखगळ्या सरडा मिळतो, नर गळ्याची निळी-काळी-केशरी पिशवी फुलवून दगडावर बसतो. २०१६ मध्ये दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्याचं कुळ वेगळं केलं आणि नाव ठेवलं "सराडा". आपला मराठी सरडा जगाच्या शास्त्रीय यादीत गेला.

ओफिसॉप्स नावाच्या माळावरच्या लहान सरड्यांवर ईशान अगरवाल आणि उमा रामकृष्णन यांचा २०१७ चा अभ्यास आहे. त्यांच्या फांद्या इतक्या जुन्या निघाल्या की भारतातले गवताळ माळ माणसाने जंगल तोडून केलेले, हा समज टिकत नाही. माणूस यायच्या कितीतरी आधीपासून इथे गवत होतं. म्हणून "पडीक माळावर झाडं लावू" हे ऐकलं की मला रानजाईताईंच्या त्या बैठकीइतकाच त्रास होतो.

ईलबद्दल: भुयारी पाण्याला तापमानाचे चढउतार कमी लागतात हे खरं, पण त्याची कोंडीही तेवढीच. एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत जायला दगडातली भेग लागते.


नितीन_कळवा
गुरुवार, १२ जून, रात्री ११.००

मग एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. हे जीव इतक्या हिमयुगांतून तरले. पाऊस कमी झाला, वाढला, समुद्र १२० मीटर वर-खाली झाला. मग आताच्या हवामान बदलातही तरतीलच की. आपण उगाच घाबरतोय का?


पिपेट
शुक्रवार, १३ जून, सकाळी ७.१५

राग कसला, हाच प्रश्न विचारायला हवा.

पहिलं, आपण जे पाहतोय ते तरलेले. बुडालेल्यांचे डीएनए आपल्याकडे नाहीत. त्यामुळे आजच्या यादीवरून "सगळे तरतात" असा निष्कर्ष निघत नाही.

दुसरं, वेळ आणि वाट. हिमयुगातून बाहेर यायला काही हजार वर्षं लागली. रानजायफळाची बी धनेशाने एका पिढीत एक दरी ओलांडून टाकली तरी हजार वर्षांत रांग ओलांडून होते. आता वाट कुठे आहे? श्रीलंकेचं पाहा. समुद्र खाली होता तेव्हा भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडलेले होते, साधारण १० हजार वर्षांपूर्वीपर्यंत. तरीही २००४ मध्ये बॉसुइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन्हीकडचे बेडूक, खेकडे, मासे फारसे मिसळले नाहीत. जमीन होती, पण ओलं जंगल सलग नव्हतं. लाखो वर्षांत पुन्हापुन्हा पूल होऊनही ओलांडता आलं नाही, तिथे सहापदरी रस्ता आणि कुंपणाची भिंत असेल तर काय होईल?

तिसरं, भांडवल. लहान आसऱ्यात आडनावं गळालेली असतात. नव्या रोगाला किंवा उन्हाळ्याला तोंड द्यायला जे रूप लागेल ते त्या वाडीत नसेल, शेजारच्या वाडीत असेल. म्हणून दोन्ही वाड्या राखाव्या लागतात. आणि म्हणूनच इथली उपटून तिथे लावली की हिशोब जमत नाही. इथल्या गटात जी रूपं आहेत ती तिथे असतीलच असं नाही. उलट कधी बाहेरची रोपं आणून लावली तर स्थानिक गटात नको ती मिसळण होते.


नितीन_कळवा
शुक्रवार, १३ जून, सकाळी ९.३०

पटलं. "बुडालेल्यांचे डीएनए नाहीत" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बोरिवलीच्या पार्काबद्दल विचार करत होतो. त्याचा नागला ब्लॉक हा तुकडा वसई खाडीच्या उत्तरेला, मुख्य पार्क दक्षिणेला, मधे खाडी आणि रस्ता. साधारण १०४ चौरस किलोमीटरात आपण आसराच तयार करतोय, आणि तोही पन्नास-साठ वर्षांत.


दोडामार्गकर
शुक्रवार, १३ जून, रात्री १०.५०

मी कुर्ल्याला राहतो, गाव दोडामार्ग तालुक्यात. चार दिवस नुसता वाचतोय. पिपेटताईंनी रानजायफळाचं नाव घेतलं म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडे हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची राई आहे. गोड्या पाण्याची दलदल. २०२१ मध्ये सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, क्षेत्र २.५९ हेक्टर. एवढीशीच. केरळ-कर्नाटकात अशा दलदली आहेत, आपल्याकडे म्हणजे अगदी उत्तरेचं टोक. झाडांची मुळं चिखलातून वर येऊन गुडघा मोडल्यासारखी वाकून परत खाली जातात, शेकडो गुडघे. बुंध्यालाही वरून आधाराची मुळं फुटलेली. मे महिन्यात बाहेर सगळी जमीन भेगाळलेली असते आणि आत घोट्याएवढं पाणी वाहत असतं.

फळ तडकतं, आत बीवर लाल जाळी असते. धनेश ती खातो. ती बी वाळली की मेली. धान्यासारखी पोत्यात भरून ठेवता येत नाही. मी दोनदा मुंबईला आणली, खिडकीत कुंडीत लावली, एकही उगवली नाही. तेव्हा वाटलं माझं काहीतरी चुकलं. आता या धाग्यावर वाचून कळलं की कोरडी जमीन हे झाड ओलांडूच शकत नाही. म्हणजे आमची राई बाजूच्या राईशी शेवटची कधी जोडलेली होती, ते पाऊस जास्त होता त्या काळातलं असणार. माझ्या आजीच्या आजीच्या कितीतरी आधीचं.

ती टिकली कशी, तर देवाची म्हणून. लाकूड कुणी आणत नाही. लहानपणी मी बाहेरच्या चपला घालून धावत आत शिरलो तर मामी ओरडली होती, "पायातला भायर काढ!" तेव्हा फक्त देवाची भीती कळत होती.


रानजाई
शनिवार, १४ जून, सकाळी ७.००

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, आईलाही वाचून दाखवला.

तो मुलगा आता दहावीत गेलाय. काल शाळा भरायच्या आधी त्याला गाठून सांगितलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धंच दिलं होतं. पाटीवर सह्याद्री काढला, वाड्या दाखवल्या. तो म्हणाला, गणपतीला आंबोलीला जाणार आहे, तिथली कारवी बघून येतो, पण ती इथल्यासोबत फुलली होती का ते आजोबांना विचारायला हवं. मला हे सुचलंच नव्हतं. सगळीकडची कारवी एकाच वर्षी फुलत नाही. ज्या दोन डोंगरांची वर्षं जुळत नाहीत त्यांच्यात परागकण जायचा प्रश्नच येत नाही. आजोबांची आठवण मिळाली की इथे लिहिते.

त्याला तुमची राईही दाखवावी असं वाटतंय. आंबोलीहून किती वेळ लागेल? आणि चिखलात उतरावं लागतं का?


दोडामार्गकर
शनिवार, १४ जून, सकाळी ८.१५

गाडीने दीड-दोन तास, पावसात जास्त धरा. मला आधी कळवा, गावातल्या कुणाला तरी सोबत पाठवतो, एकट्याने जाऊ नका.

उतरायचं नाही, बाई. काठावरून बघायचं. मुळांच्या गुडघ्यांवर पाय पडला की ते मोडतात आणि झाड श्वास तिथूनच घेतं. चपला मात्र काठावरही काढायच्या.